माती, गादी आणि घड्याळ

महाराष्ट्र केसरीची गदा कोणाच्या खांद्यावर जायची, हे ठरवण्याची रीत मोठी गमतीची आहे. एकाच वजनगटातले मल्ल दोन विभागांत लढतात, काही लाल मातीत आणि काही गादीवर, म्हणजे मॅटवर. मग मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता समोरासमोर येतात. टेनिसमध्ये विम्बल्डन जिंकणारा आणि फ्रेंच ओपन जिंकणारा यांची अशी गाठ घालून द्यायची सोय नाही. एकदा मात्र तसा घाट घातला गेला होता. २ मे २००७ रोजी स्पेनमधल्या पाल्मा शहरात एक कोर्ट बांधलं, अर्धं हिरवळीचं आणि अर्धं तांबड्या मातीचं. तेव्हा फेडरर हिरवळीवर सलग ४८ सामने हरला नव्हता, नदाल मातीवर ७२. बाजू बदलली की दोघं बूटही बदलत होते. नदालनं तो सामना ७-५, ४-६, ७-६ असा जिंकला आणि त्यातून सिद्ध काहीच झालं नाही.

तो प्रदर्शनी सामना होता. आपल्याकडे मात्र हीच गोष्ट पुऱ्या गांभीर्यानं होते आणि पुढचं वर्षभर पारावर तिचीच चर्चा चालते.

कुस्तीच्या हौद्यातली माती ही शेतातली माती नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या कोयनानगरकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथं उघड्यावरचा हौदा पावसाळ्यात टिकणारच नाही, म्हणून डोक्यावर छप्पर हवं. तांबडी माती आणायची, खडे निवडायचे, चाळायची. मग तिच्यात ताक, लिंबाचा रस, तेल, हळद, कापूर आणि रंगाला काव. ओल इतकीच ठेवायची की मुठीत धरली तर गोळा व्हावा आणि सोडला तर फुटावा. ओल कमी पडली की धूळ नाकातोंडात जाते, जास्त झाली की चिखल. आषाढात हवाच इतकी दमट असते की पाणी न शिंपडताही माती जड होते, आणि अशा जड मातीत पाय उचलायला क्षणभर जास्त लागतो. वस्ताद पोरांना पहाटे आधी हौदा उकरायला लावतो. त्यात व्यायाम तर होतोच, शिवाय आज माती कशी आहे हे पोराच्या तळपायाला कळतं.

त्या क्षणभराच्या उशिरावर सगळी मातीतली कुस्ती उभी आहे. पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, झेपावलेल्या मल्लाचा गुडघा मातीत रुततो. गादीवर तोच गुडघा घसरत पुढं जातो. समोरच्याच्या अंगाला माती चोळली की घामानं निसटणारा हात पकडता येतो. लंगोटाची लांग धरता येते, मानेवर घुटना ठेवून खालच्याला दमवता येतं. गादीवर पोशाख धरला की पंच शिट्टी मारतो, आणि खाली पडलेल्यावर काही हालचाल झाली नाही तर दोघांनाही उभं करतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. जत्रेच्या फडातली निकाली कुस्ती मात्र चितपट होईपर्यंत चालते.

म्हणून ‘तो मातीतला, हा गादीवरचा’ हे वर्णन अर्धवट वाटतं. जमिनीच्या नावावर आपण जे खपवतो, त्यातलं निम्मं घड्याळाचं असतं. महाराष्ट्र केसरीच्या माती विभागातही आता गुण आणि वेळ आहेत. म्हणजे जमीन तीच राहिली, पण तिच्यावर मिळणारा वेळ गेला. टेनिसमध्ये वेळ आणि जमीन इतकी सुटी होत नाहीत. तांबड्या मातीवर चेंडू मंदावतो, उंच उसळतो, आणि बचाव करणाऱ्याला दोन पावलं जास्त मिळतात. हिरवळीवर तो खाली राहून सरकतो. नदालनं फेडररला ४० पैकी २४ वेळा हरवलं, पण त्यातले १४ विजय मातीवरचे आहेत. माती बाजूला काढली तर फेडरर १४-१० असा पुढं आहे. नदाल आणि जोकोविच ६० वेळा भिडले. मातीवर नदाल २०-९, हार्ड कोर्टवर जोकोविच २०-७, हिरवळीवर २-२. या दोघांत थोर कोण, याचं उत्तर सामने कुठं जास्त झाले यावर बरंचसं ठरतं. पुष्कळ चाहत्यांना हे मान्य होणार नाही.

कुस्तीत माती की गादी, याला २०२३ हे एकच वर्ष दोन उत्तरं देऊन गेलं. जानेवारीत पुण्यात गादीवरच्या शिवराज राक्षेनं मातीतल्या महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं. नोव्हेंबरमध्ये फुलगावला मातीतून आलेल्या सिकंदर शेखनं त्याच राक्षेला त्याहूनही लवकर पाठीवर घातलं. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर गादीचा पृथ्वीराज पाटील मातीच्या विशाल बनकरवर ५-४ असा निसटता जिंकला होता. सगळ्यात बोलकी लढत जानेवारी २०२० मधली, बालेवाडीची. गादीचा हर्षवर्धन सदगीर आणि मातीचा शैलेश शेळके, दोघंही वस्ताद काका पवारांच्या तालमीतले. सदगीर ३-२ नं जिंकला आणि त्यानं हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. एकाच वस्तादाच्या हाताखाली दोन्ही जमिनींचे मल्ल घडतात, मग वैर कसलं?

कोयनानगरहून नदीच्या काठानं खाली उतरलं की कऱ्हाड येतं, आणि कऱ्हाडला लागून गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट त्यांना नवीन होती. तरी फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात ब्रॉन्झ. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सांगली जिल्ह्यातले दोन मल्ल उतरले. पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण मिळवलं, ज्यात कमरेखाली हात लावायलाच बंदी. मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. दोघंही मातीतच घडलेले. मातीचा मल्ल गादीवर टिकत नाही असं सांगणाऱ्यांनी ही नावं जरा मोठ्यानं वाचावीत.

तरीही सोपं काहीच नाही. कोयनानगरच्या पाटण तालुक्यातल्या पोराला कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांची मैदानं मारायची असतात, कारण खुराकाचे पैसे तिथल्या इनामातून येतात, आणि ती मैदानं मातीची. राष्ट्रीय स्पर्धा आणि तिच्या प्रमाणपत्रावर मिळणारी भरती मात्र गादीवरच्या कुस्तीनं होते. मग सकाळी माती, संध्याकाळी गादी. अनवाणी पायांना बुटांची सवय नसते, गुडघे सोलवटतात, आणि मातीत मिनिटभर दबा धरून बसायला शिकलेल्या पोराला पंच निष्क्रियतेचा इशारा देतो. वस्ताद कडेला उभा राहून एकच शब्द ओरडत असतो, ‘वेळ!’