आमचा थोरला कॅमेरा

स्नेहसंमेलनांत गळ्यांत भला मोठा काळा कॅमेरा अडकवून धावपळ करणारे आम्ही तुमच्या वडील भावंडांस आठवत असूं. तो कॅमेरा आम्हीं २०१८ सालीं देऊन टाकला. कां, असें अद्याप विचारण्यांत येतें. म्हणून हा खुलासा.

कॅननचा तो ‘५डी मार्क टू’. नुसता कॅमेरा ८१० ग्रॅम, नेहमींचें भिंग ९५० ग्रॅम, दूरचें टिपणारें पांढरें भिंग सुमारें दीड किलो. चित्रें मात्र सुरेख येत. शिवाय, खरें सांगावयाचें तर, तो गळ्यांत असला म्हणजे लोक वाट देत, आणि तें आम्हांस आवडे.

२०१७ च्या पावसाळ्यांत घंटा देणारे आमचे शिपाईमामा सेवानिवृत्त झाले. त्या दिवशीं पावसामुळें कॅमेरा घरींच राहिला. खिशांत मोबाईल होता. परंतु असल्या यंत्राच्या धन्यानें मोबाईलनें फोटो काढावा, हें आमच्या अभिमानास रुचेना. “मामा, पुन्हां याल तेव्हां निवांत काढूं,” असें आम्ही म्हणालों. मामा गांवीं गेले आणि त्याच हिवाळ्यांत वारले. त्यांची कन्या फोटो मागावयास आली, तेव्हां हजारों चित्रें धुंडाळून मामांचा एक खांदा व अर्धा चेहरा एवढेंच सांपडलें. पुढें बक्षीस घेणारा मुलगा अगदीं स्वच्छ आला होता. तिनें तेंच घेतलें, वर आभार मानले.

थोरला देऊन आम्हीं फुजीफिल्मचा ‘एक्स १०० एफ’ घेतला. बॅटरीसह ४६९ ग्रॅम. भिंग एकच, तेंही न निघणारें. तोटा झालाच. प्रकाश टिपणारा पृष्ठभाग थोरल्याच्या निम्म्याहूनही लहान. रंगमंचावरील चेहरा हवा तर अगदीं पुढें जाऊन बसावें लागतें. “आज खरा कॅमेरा आणला नाहीं काय?” असें एका पालकांनीं विचारलें, तें थोडें लागलें. जर्मनींतील ऑस्कर बार्नाक ह्यांस दम्यामुळें कांचेच्या तबकड्यांचा कॅमेरा वाहवत नसे; त्यांनीं १९१३ च्या सुमारास घडविलेला छोटा कॅमेरा ‘लायका’ ह्या नांवानें १९२५ सालीं लोकांपुढें आला. तबकड्यांच्या मानानें त्याची ३६ बाय २४ मिलिमीटरांची चौकट टीचभर. आणि तीच पुढें आमच्या थोरल्याचें माप ठरली!

आतां कॅमेरा पिशवींत डब्याशेजारीं असतो. परवां मधल्या सुटीची घंटा देणाऱ्या मावशी म्हणाल्या, “थांबा सर, पदर तरी सावरूं द्या.” तोंवर फोटो काढून झाला होता, आवाज त्यांस ऐकूंच आला नव्हता.