हातचा एक

हातचा हा शब्द शाळा सुटली तसा आमच्या तोंडून गेला होता. तो परत आला पवईतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, आणि तोही इंजिनिअर होऊ घातलेल्या एका भाच्याच्या तोंडून. निमित्त होते आमच्या सरांच्या वहीचे.

हे सर आम्हांला महाविद्यालयात मराठी कविता शिकवीत. त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलीने टिपणांची एक वही मोठ्या विश्वासाने आमच्या हाती दिली. दोन महिन्यांत परत करण्याच्या बोलीवर. लिखाण सारे पेन्सिलीचे, कागद काळाने करडा झालेला. आम्ही पाने स्कॅन केली आणि ती थोडी उजळावीत म्हणून, भाच्याकडून कधीकाळी शिकलेल्या तुटपुंज्या विद्येच्या बळावर एक लहानसा प्रोग्राम लिहिला. स्कॅन केलेल्या पानाचा प्रत्येक ठिपका संगणकाच्या लेखी ० ते २५५ यांमधली एक संख्या असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. तेव्हा प्रत्येक ठिपक्यात ४० मिळवले की पान उजळेल, असा आमचा सरळ हिशेब. प्रत्यक्षात पान काळेकुट्ट झाले आणि त्यावर सरांचे अक्षर भुतासारखे फिकट उमटले.

भाच्याने पडद्याकडे पाहिले आणि तो हसून म्हणाला, "मामा, तुमचा हातचा सांडला."

त्याने जे समजावले ते आमच्या भाषेत असे. आमचे वडील घरखर्चाच्या वहीत दूध, वाणी, धोबी आणि वर्तमानपत्र असे चार रकाने शेजारी शेजारी मांडीत. दुधाच्या रकान्यातला हातचा दुधाच्याच पुढच्या अंकात जायचा. तो वाण्याच्या रकान्यात गेला असता तर दोघांचेही हिशेब बिघडले असते. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये अंक ठेवायची जी जागा असते तिला रजिस्टर म्हणतात. ६४ बिटांच्या रजिस्टरात एकच भली मोठी संख्या ठेवता येते, किंवा आठ-आठ बिटांच्या आठ लहान संख्या रकान्यांसारख्या लगत बसवता येतात. मग एकाच आज्ञेसरशी आठही रकान्यांच्या बेरजा एकदम होतात. चित्र आणि ध्वनी यांत लक्षावधी लहान संख्यांवर एकच क्रिया करायची असते, म्हणून ही सोय. १९९७ साली इंटेलने पेंटियममध्ये एमएमएक्स या नावाने ५७ नव्या आज्ञा घातल्या, त्या याच कामासाठी.

गंमत अशी की, या आठ बेरजांसाठी आठ वेगळी यंत्रे लागत नाहीत. बेरजेचे यंत्र तेच, ६४ बिटांचे. त्यात प्रत्येक बिटाचा हातचा डावीकडच्या बिटाकडे सरकत जातो. फक्त रकान्यांच्या सीमांवर त्याला अडवायचे. आठ-आठ बिटांचे रकाने हवेत तर सात ठिकाणी, सोळा-सोळा बिटांचे हवेत तर तीन ठिकाणी, बत्तीस-बत्तीसचे दोन हवेत तर एकाच ठिकाणी. भाच्याने उदाहरण दिले ते आमच्या शेजारचेच. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली 'अजित' हा प्रोसेसर घडला. २०१९ साली तो जाहीर झाला. त्याची चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. त्याचा मूळ आज्ञासंच स्पार्क व्ही-८ या ३२ बिटांच्या रचनेचा. पुढे त्याला जो ६४ बिटांचा विस्तार जोडला गेला, त्यात दोन-दोन रजिस्टरांची जोडी एक मानून ८, १६ किंवा ३२ बिटांच्या रकान्यांत बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करण्याच्या आज्ञा आहेत. तलावाच्या काठाने आम्ही रोज फिरायला जातो. कुंपणापलीकडे कोणी हातच्याचे दरवाजे उघडण्यामिटण्याचा विचार करीत असेल, हे कधी मनात आले नव्हते.

पण अडवलेल्या हातच्याचे पुढे होते काय? आमच्या वहीतला कागद होता २३०चा. त्यात ४० मिळवले की २७०. आठ बिटांत २५५च्या पुढे जागा नाही. हातचा सीमेवर गळून पडतो आणि रकान्यात उरतात १४. चौदा म्हणजे जवळजवळ काळा. पेन्सिलीची सर्वांत गडद रेघ १३०ची. तिचे झाले १७०. म्हणून कागद काळा आणि अक्षर उजळ. यंत्राने चूक केलेली नव्हती. सांगितले तेवढे करून, मावले नाही ते त्याने मुकाट्याने टाकून दिले होते.

यावर उपाय म्हणून एमएमएक्समध्ये दुसऱ्या प्रकारची बेरीजही आहे. आम्ही तिला संपृक्त बेरीज म्हणू. पाणी मीठ विरघळवता विरघळवता एका मर्यादेला थांबते, तशी ही संख्या २५५ला थांबते. २७० होणार असेल तर २५५. भाच्याने आमच्या प्रोग्राममध्ये तेवढाच बदल केला आणि पान क्षणात शुभ्र झाले. अक्षर स्वच्छ, समास निर्मळ. आम्ही हरखलो. त्याच रात्री सगळी पाने सरांच्या दहा-बारा विद्यार्थ्यांना पाठवून दिली आणि वर 'संपूर्ण वही' असे लिहिण्याचा मोहही आवरला नाही.

वही परत करायच्या आदल्या दिवशी आम्ही ती शेवटची म्हणून दिव्याखाली चाळली. एका कवितेच्या शेवटच्या कडव्याचा सरांनी लावलेला अर्थ आम्हांला तोंडपाठ आहे. त्यांनी तो वर्गात ठामपणे सांगितला, आम्ही पुढे वीसेक वर्षे तितक्याच ठामपणे सांगत आलो. त्या टिपणाशेजारी समासात एक प्रश्नचिन्ह होते. खोडरबराने पुसलेले, पण पुरते न गेलेले. आमच्या शुभ्र पानावर ते नव्हते.

नसणारच. तिथला कागद २२८चा, पुसलेली रेघ २१८ची. दोहोंत ४० मिळवले की दोन्ही २५५च्या पलीकडे, आणि संपृक्त बेरजेत दोन्ही २५५. २१५च्या वरचे जे जे होते ते सारे एकच पांढरे झाले होते. पहिल्या बेरजेने केलेला घोटाळा निदान डोळ्यांत खुपला. दुसरीने केलेला गोंडस होता, म्हणून आम्ही तो वाटत सुटलो.

भाच्याला बोलावले. तो म्हणाला, "मामा, हातचा जपायचा तर त्याला जागा द्यावी लागते." म्हणजे असे की, आठ बिटांची संख्या सोळा बिटांच्या रकान्यात ठेवायची, डावीकडे आठ शून्ये मोकळी. आता रजिस्टरात आठांऐवजी चारच ठिपके मावतात, म्हणजे वेग निम्मा. मग प्रत्येक ठिपक्यातून वहीतला सर्वांत गडद अंक, १३०, वजा करायचा, पाचने गुणायचे आणि दोनने भागायचे. सर्वांत उजळ कागद २३०. त्याचे १०० उरतात, पाचपट ५००. हे ५०० आठ बिटांत मावले नसते. सोळांत सुखाने मावतात. निम्मे केले की २५०, आणि ते पुन्हा आठ बिटांत परत. कागदाच्या २२८चे झाले २४५, रेघेच्या २१८चे २२०. दहाचे अंतर पंचवीस झाले, आणि प्रश्नचिन्ह समासात दिसू लागले. भाच्याच्या लॅपटॉपमधली रजिस्टरे २५६ बिटांची होती, म्हणजे एका वेळी बत्तिसाऐवजी सोळा ठिपके. सगळ्या वहीला लागलेला जादा वेळ आम्हांला जाणवलासुद्धा नाही.

लेस्ली लँपोर्ट यांनी १९७५ साली एका निबंधात अशा एकत्र बांधलेल्या बाइटांवर साध्या आज्ञांनी काम करण्याच्या युक्त्या मांडल्या होत्या. तेव्हा अशा खास आज्ञा सर्रास नव्हत्या. रकान्यारकान्यांत एकेक बिट रिकामा राखला की हातचा तिथे विसावतो आणि शेजाऱ्याला उपद्रव होत नाही. यंत्रे बदलली, तरी रिकाम्या जागेची ही गरज सुटलेली नाही. आणि ती फक्त यंत्रांनाच असते असेही नाही. पन्नास मिनिटांच्या तासात एक कविता बसवायची म्हणून सरांनी ती शंका वर्गात आणली नसेल का? त्यांनी ती समासात ठेवली, मग पुसली. आम्हांला मिळाले ते रकान्यात मावलेले उत्तर, आणि आम्हीही ते तसेच पुढच्या वर्गांना वाटले.

वही दुसऱ्या दिवशी परत केली. सोबत नव्याने केलेली पाने दिली आणि ते चिन्ह सरांच्या मुलीला दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबांनी घरी कधी बोलून नाही दाखवलं."

त्या रात्री आम्ही त्या दहा-बारा जणांना पाने पुन्हा पाठवली. सोबत लिहिले की, आधीची पाने सदोष होती, दोष आमचा होता, ती कृपया काढून टाकावीत. 'संपूर्ण' हा शब्द या वेळी लिहिला नाही.