साराच्या पलीकडची ज्ञानेश्वरी

आमच्या घरची ज्ञानेश्वरी देव्हाऱ्यात असे, लाल कापडात गुंडाळलेली. श्रावणात आजी पारायणाला बसली की ती बाहेर निघे, आणि समाप्तीनंतर हळदकुंकू वाहून पुन्हा जागेवर जाई. शाळेत रोज पसायदान होतं, त्यामुळे त्या नऊ ओव्या तोंडपाठ झाल्या. उरलेल्या नऊ हजारांकडे वळायचं कारणच पडलं नाही. कॉलेजात एक अध्याय नेमलेला होता, पण परीक्षेत विचारत तो सारांश. पुढे बँकेच्या नोकरीत तर साराचीच सवय लागली. जाडजूड फाइल आली की वरिष्ठांसाठी तिची चार ओळींची टिपणी करायची.

निवृत्त झाल्यावर सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत आणली आणि पहिल्या ओवीपासून मोठ्याने वाचायला लागले. ओवी कानाने वाचायची असते, हे तेव्हा कळलं. तेराव्या अध्यायात मात्र पाय अडकला. गीतेत ज्ञानाची लक्षणं सांगताना ‘अहिंसा’ हा एकच शब्द येतो आणि श्लोक पुढे सरकतो. ज्ञानदेव त्या एका शब्दापाशी शंभराहून अधिक ओव्या थांबतात. आधी यज्ञातल्या हिंसेचा समाचार घेतात, औषधासाठी झाडं मुळासकट उपटणाऱ्या वैद्यकालाही सोडत नाहीत. मग अहिंसा अंगी मुरलेला माणूस चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, हे सांगत राहतात. लाट न मोडता पाण्यात पाऊल टाकणारा बगळा येतो, केसर चुरगळेल या भयाने कमळावर जपून पाय ठेवणारा भुंगा येतो. शेवटी हातांकडे वळतात. हे हात हलायचेच तर पडलेल्याला उचलायला, भ्यालेल्याला धीर द्यायला, पीडिताला अगदी हलकेच स्पर्श करायला.

तो हलका स्पर्श वाचला आणि मी पुस्तक मिटलं. आईच्या शेवटच्या आजारपणात तिची कूस बदलताना तळहाताचा किती भार टाकायचा, हे मला रोज नव्याने शिकावं लागलं होतं. विशीत या ओवीवरून मी सहज पुढे गेले असते. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. परंपरा ज्ञानदेवांचा जन्म १२७५चा मानते. पंधरा वर्षांच्या मुलाला हे कुठून ठाऊक, याचं उत्तर प्रतिभा या शब्दाने माझ्यापुरतं तरी मिळत नाही. आईबापांविना वाढलेल्या, समाजाने दूर लोटलेल्या त्या भावंडांनी एकमेकांना कसं सांभाळलं असेल, हेच मनात येत राहतं.

त्या ओव्यांचा सारांश ‘कुणाला दुखवू नये’ असा होईल. तो बरोबरही असेल, पण त्यात तो हात नाही.

आता अमृतानुभव घेतला आहे. इथे गीतेचा आधार नाही, ज्ञानदेव स्वतःच्या पायावर उभे आहेत. सहाव्या प्रकरणात ते शब्दाचे उपकार भरभरून गातात, आणि मग आत्म्यापुढे त्या शब्दाचं काहीच चालत नाही, हे त्याच शब्दांनी दाखवतात. सातव्यात अज्ञान मुळात नाहीच, असा युक्तिवाद आहे. तो मला अजून पटलेला नाही. रोज सकाळी चहानंतर पाच-सात ओव्या घेते, आणि मुद्दा हातून सुटला की पहिल्यापासून पुन्हा मोठ्याने वाचते.