तालीम, फुटबॉल आणि पट

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळाचा सामना पाहताना आम्हां चंद्रपूर-गडचिरोलीकरांना त्या नावानेच थबकवले. खेळ फुटबॉलचा, नाव तालमीचे! पण तालीम ही केवळ कुस्तीची जागा नव्हे. ती पेठेची ओळख. म्हणूनच तिथे संघ निवडावा लागत नाही, तो जन्मासोबत मिळतो. देशातल्या अव्वल लीगशी त्या प्रेक्षकांना सोयरसुतक नाही; हरलेला संघही आपलाच.

आमच्या झाडीपट्टीत शंकरपटातील बैलजोडीवर गाव असाच जीव टाकते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा शर्यतींवर बंदी आली. डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी मिळाली. मधल्या वर्षांतही पारावर जुन्या जोड्यांची नावे निघत होती. सामन्याविनाही टिकणारी ही निष्ठा कोणत्या गुणतक्त्यात मांडायची?