आजीचं अर्धं रामायण

मार्च 2020. घरून काम करा म्हटल्यावर बॅग उचलून बीडला, गावी आलो होतो. कपिल शर्माच्या शोमध्ये अरुण गोविल, दीपिका चिखलिया अन् सुनील लहरी एकत्र आलेला भाग मी मोबाइलवर सगळ्यांना दाखवला. बाबा चिडले, "देवाला कशाला बसवलं चेष्टामस्करीत?" आई म्हणाली, "किती म्हातारे झाले हो!" आजी मात्र गप्प.

कारण नंतर कळलं. 'रामायण' सुरू झालं 25 जानेवारी 1987 ला, ऐन ऊसतोडीच्या हंगामात. गावात टीव्ही एकच, अन् आजी-आजोबा तिकडे कारखान्यावर, कोपीत. पट्टा पडून परत आले तोवर राम-सीतेचं लग्न उरकलेलं. दिवाळीच्या सुमारास पुन्हा कोयता हातात. त्यामुळे सगळं असंच अर्धंमुर्धं.

28 मार्चपासून दूरदर्शनने ते पुन्हा लावलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. इकडे माझा स्टँडअप कॉल, तिकडे आजी डोक्यावर पदर घेऊन टीव्हीसमोर. स्वयंवर झालं तेव्हा म्हणाली, "तेहतीस वर्सांनी घावलं बग मला हे लगीन."

मालिका संपल्यावर तिने तो मोबाइलमधला भाग स्वतःहून मागितला. "आता लाव. आता वळखते मी त्यांला."

जुन्यांची भेट बघायला आधी ओळख लागते, एवढं साधं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

असो. उद्या सोमवार!