राखीव शब्द

मनुष्याने संगणकासाठी रचलेल्या भाषांतही एक प्रकारचे सोवळे असते. जावा ही भाषा १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘क्लास’, ‘न्यू’, ‘धिस’ हे शब्द राखीव. आपण निर्मिलेल्या कोणत्याही वस्तूला ते नाव म्हणून देता येत नाहीत. ‘गोटू’ आणि ‘कॉन्स्ट’ यांची तऱ्हा तर आणखी निराळी. त्यांना जागा आहे, काम नाही! ‘सी प्लस प्लस’च्या सवयीने कोणी ते लिहिलेच, तर चूक नेमकी दाखविता यावी, एवढ्यासाठी ते अडवून ठेवलेले आहेत. खारघरच्या आमच्या वर्गात मुले हमखास विचारतात, “उपयोग नाही, तर शब्द मोकळा का करू नये?”

मला अशा वेळी आईची आठवण होते. वडिलांचे नाव ती उखाण्यावाचून कधी घेत नसे. त्याच नावाच्या शेजारच्या मुलालाही ती ‘बाळ’ म्हणूनच हाक मारी. पुढे वडील गेले. उखाण्याचे प्रसंग संपले. त्या नावाला घरात काही काम उरले नाही. पण तो मुलगा तिच्या अखेरपर्यंत ‘बाळ’च राहिला.