रविवारचा पिक्चर, रविवारची मिसळ

टीव्ही बघायला घराबाहेर पडावं लागायचं, असं सांगितलं की आमच्या घरातली मुलं माझ्याकडे दयेनं बघतात. पण दादरच्या आमच्या चाळीत तसंच होतं. सबंध मजल्यावर टीव्ही एकच, कोपऱ्यातल्या काकूंकडे, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत. दिवेलागणीला हातपाय धुऊन, वेणीफणी करून आम्ही पोरं तिकडे निघायचो. आत काय चाललंय ते बाहेरच्या चपलांवरून ओळखता यायचं. ‘आमची माती, आमची माणसं’ असेल तर दोन-चार जोड. ‘छायागीत’ असेल तर गॅलरीत पाऊल टाकायला जागा नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं. एकच वाहिनी, तीही संध्याकाळपुरती. त्यामुळे शहरातल्या लाखो घरांची संध्याकाळ एकाच घड्याळावर चालायची. ‘साप्ताहिकी’त पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम कळायचे आणि मग त्या बेतानं मोठी माणसं कुणाकडे जायचं, कुणाला बोलवायचं ते ठरवायची. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत पुन्हा एकदा व्हायचे, कारण वर्गातल्या सगळ्यांनी ते एकाच वेळी पाहिलेले असायचे. मध्येच पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी आली तरी कुणी उठत नसे. उठून जाणार कुठे? गप्पा तिथेच सुरू व्हायच्या आणि कधी कधी चित्र परत आलं की ‘थांबा हो जरा’ असं कुणीतरी टीव्हीलाच म्हणायचं.

टीव्हीखेरीजचं बाहेर जाणं म्हणजे शिवाजी पार्कचा कट्टा, राणीची बाग, चौपाटीची भेळ, गणपतीतले देखावे. सगळं पायी किंवा बेस्टच्या बसनं, आणि बहुतेक फुकट. हॉटेलात जायला कारण लागायचं. कुणाचा तरी निकाल, नाहीतर गावाहून आलेला पाहुणा. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात गेलो की वेटर आम्हाला थेट ‘फॅमिली रूम’च्या पडद्याआड नेऊन बसवायचा. बाहेरची टेबलं पुरुषांची. काय मागवायचं ते बाबा सांगायचे. आईला विचारलं तर ती म्हणायची, ‘मला नको, तुमच्यातलंच घेईन घासभर.’ तो घासभर डोसा खाताना तिचं सगळं लक्ष धाकट्याच्या हातातल्या सांबाराच्या वाटीकडे.

या सगळ्या आठवणी मी इतक्या वेळा, इतक्या रंगवून सांगितल्या आहेत की त्या गोडच वाटतात. मध्यंतरी अशीच मैफल रंगली असताना आई शांतपणे म्हणाली, ‘तुम्हाला तो पिक्चर आठवतो. मला ओटा आठवतो.’

मग मला नीट आठवायला लागलं. रविवारच्या पिक्चरला आई कधी सुरुवातीपासून नसायची. अर्धा तास झाल्यावर पदराला हात पुसत काकूंच्या दारात येऊन उभी राहायची. ‘हा कोण गं? तिचा भाऊ का?’ असं हळूच विचारायची आणि आम्ही ‘शूऽऽ’ करून तिला गप्प करायचो. शेवट जवळ आला की भात लावायला परत. तिनं पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाला मधलाच भाग होता. बाबा मात्र खुर्चीवर. टीव्ही असलेल्या घरातली खुर्ची कुणाला मिळणार, हे न बोलता ठरलेलं असायचं.

१९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत प्रक्षेपण आलं. त्यानंतरच्या वर्षांत टीव्ही हप्त्यानं घरोघरी आले, आमच्याकडेही आला. १९८४मध्ये ‘हम लोग’ सुरू झालं. आईनं स्वतःसाठी म्हणून जमिनीवर मांडी घालून बसण्याची ती पहिली ठरलेली वेळ. भाजी निवडायला घ्यायची, पण बसायची. त्या वेळात कुणी पाणी मागितलं तर ‘स्वतः घ्या’ असं उत्तर यायला लागलं. घरात केवढा बदल घडत होता हे तेव्हा आम्हाला कळलं नाही. आम्ही आपले कोपऱ्यातल्या काकूंच्या गॅलरीतल्या चपला कमी झाल्या म्हणून हळहळत होतो.

१९८७च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायला लागलं तेव्हा रस्ते ओस पडायचे, हे सगळेच सांगतात. ओस रस्त्यांच्या त्या आठवणीत आमच्या घरचा मिक्सर बंद असल्याचं मला आठवत नाही. रविवारचा नाश्ता साग्रसंगीत हवा, आणि तो ‘रामायण’ संपता संपता पानात हवा.

मग नव्वदचं दशक आलं आणि बाहेर जाण्याची सगळी रीतच बदलली. १९९२मध्ये झी आलं, गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबल्या. १९९६मध्ये वांद्र्याला मॅकडोनाल्ड्स उघडलं. १९९९ साली एकीकडे अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाली आणि त्याच वर्षी हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला. तिथे इतकी झुंबड उडाली की सुरुवातीला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवल्याशिवाय, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरल्याशिवाय आत सोडत नसत. ‘आभाळमाया’तली सुधा जोशी नोकरी करून घर सांभाळणारी, स्वतःचं मत असणारी. आमच्या इमारतीतल्या बायका तिच्याविषयी नात्यातल्या बाईविषयी बोलावं तसं बोलायच्या. त्याच बायका पुढे चार-पाच वर्षांत, नवरे सोबत नसताना, भिशीसाठी हॉटेलात जमायला लागल्या. एकामुळे दुसरं झालं असा माझा दावा नाही. पण तो पडदा मागे सरकत होता एवढं नक्की.

आता बाहेर जाण्याला कारण लागत नाही, नवं ठिकाण लागतं. महामार्गाच्या कडेला चुलीवरची मिसळ, थंडीत शेतावरची हुर्डा पार्टी, मातीच्या भांड्यातलं मटण, कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य. जाण्याआधी फोटो बघायचे, गेल्यावर फोटो काढायचे. टेबलावर चौघं बसलेली आणि चौघांच्या हातात चार पडदे, हेही बघते मी. एका वेळी एकच गोष्ट सगळ्यांनी मिळून बघण्याची ती सवय गेली, याचं वाईट वाटतं. पण सगळ्यांनी ठरलेल्या वेळी एका जागी जमण्याची हौस काही गेलेली नाही. रविवारी सकाळी दादरला ‘आस्वाद’समोरची रांग बघा. नाव लिहून अनोळखी माणसं फुटपाथवर उभी, कुणाचं बाळ रडतंय, कुणी आजोबा ‘किती नंबर चालू आहे?’ म्हणून विचारताहेत. २०१५मध्ये लंडनच्या एका पुरस्कारात तिथल्या मिसळीला जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, तेव्हापासून ही रांग आणखी वाढल्याचं लोक सांगतात. आईला ती बातमी वाचून दाखवली तर म्हणाली, ‘लंडनला आत्ता कळलं होय?’

२०२०च्या मार्चमध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं. आईनं पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत ते पाहिलं, सोफ्यावर पाय वर घेऊन. नाश्ता मी करायचे, जमेल तसा. अशोकवाटिकेचा प्रसंग तिनं आयुष्यात पहिल्यांदाच सबंध पाहिला. मला वाटलं, आता ती जुन्या दिवसांविषयी काहीतरी हळवं बोलेल. ती म्हणाली, ‘छान होतं की गं हे. तेव्हाच बघायला मिळालं असतं तर!’

हल्ली तिच्या मैत्रिणींचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी त्या नाश्त्याला बाहेर जातात. कुठे जायचं यावर आधी आठवडाभर व्हॉट्सॅपवर भांडतात. हॉटेलात आई मधल्या टेबलाची खुर्ची धरते, स्वतः मेनू वाचते आणि सांबार कोमट असेल तर परत पाठवते. परवा मी म्हटलं, ‘या वेळी मीही येते तुमच्याबरोबर.’

‘ये की,’ ती म्हणाली. ‘पण आठला म्हणजे आठला. उशीर केलास तर आम्ही थांबणार नाही, आणि माझ्यातलं घासभर काही मिळायचं नाही. आपलं आपण मागवायचं.’